कुलगुरू विल्सन आणि आपला अपुरा पूर्वपक्ष

मृत पुरुषांची विल्हेवाट लावण्याच्या दोनच रीती आपल्या लोकांस ठाऊक आहेत, असे कधी कधी वाटते. एक, त्यांच्या तसबिरीस हार घालून ती भिंतीवर टांगणे. आणि दुसरी, त्यांचे नाव टाकून देणे. या दोन्ही रीतींत एक मोठी सोय आहे. ती ही की, त्या पुरुषाने लिहिलेले काहीही वाचावे लागत नाही. पूजा करणारा पोथी उघडीत नाही, आणि निंदा करणाऱ्यास तर ती शिवण्याचाही विटाळ होतो.

मुंबई विद्यापीठाचे एक आद्य कुलगुरू डॉ. जॉन विल्सन यांच्या वाट्यास या दोन्ही रीती एकदमच आल्या आहेत. एका पक्षाच्या लेखी ते पश्चिम हिंदुस्थानात विद्येचा दिवा लावणारे निःस्वार्थी ऋषी. दुसऱ्या पक्षाच्या लेखी ते आपल्या देवांची विटंबना करणारे आणि लोकांची मुले बाटविणारे पाद्री. आमचे म्हणणे या दोहोंहून निराळे आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकलेले बरे. डॉ. विल्सन हे आपल्या धर्माचे उघड प्रतिपक्षी होते, हे निंदकांचे विधान अक्षरशः खरे आहे. परंतु प्रतिपक्षाशी भांडण्यापूर्वी त्याची भाषा, त्याचे ग्रंथ आणि त्याचे म्हणणे समजून घ्यावे लागते, हा धडा त्यांनी ज्या निष्ठेने गिरवला, त्या निष्ठेने तो त्यांच्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या आपल्या पदवीधर वर्गाने आपल्या स्वतःच्या भाषेच्या बाबतीतसुद्धा गिरवला नाही. विल्सन यांच्या चरित्रात लाज वाटण्यासारखे जे काही आहे, त्यातला अर्धा भाग त्यांचा आहे. उरलेला अर्धा आपला आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा पाहू. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ बर्विकशायर परगण्यात लॉडर म्हणून एक लहान गाव आहे. तेथे १८०४ च्या डिसेंबरात विल्सन जन्मले. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण झाल्यावर १८२८ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली; त्याच वर्षी मार्गारेट बेन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला; आणि १८२९ च्या फेब्रुवारीत हे दांपत्य मुंबईस उतरले. उतरताच विल्सन यांनी काय केले? मुंबईच्या गोऱ्या वस्तीत बंगला पाहून ते तेथे स्थिरावले नाहीत. मराठी शिकण्याकरिता ते कोकणात हर्णैस गेले. थोड्याच महिन्यांत ते मराठीतून उपदेश करू लागले, आणि पुढे गुजराती, हिंदुस्थानी, फारसी व संस्कृत या भाषांचाही त्यांनी अभ्यास केला. १८३० साली त्यांनी ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक सुरू केले. १८३२ साली अंब्रोळीस इंग्रजी शाळा काढली; आज चौपाटीसमोर १८८९ साली बांधलेल्या इमारतीत जे विल्सन कॉलेज आहे, त्याचे मूळ ते हेच. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, त्यांसाठी स्वतः मराठी आत्मसात केली, आणि सहाच वर्षे येथे काढून १८३५ साली त्या येथेच वारल्या. १८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत फूट पडली, तेव्हा विल्सन सरकारमान्य पक्ष सोडून ‘फ्री चर्च’ या नव्या पक्षास मिळाले, आणि त्या पायी मोठ्या कष्टाने उभ्या केलेल्या इमारतीवरही त्यांस पाणी सोडावे लागले. १८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा आरंभीच्या फेलोंत त्यांचे नाव होते. १८६८ साली ते कुलगुरू झाले. १८७० साली फ्री चर्चच्या महासभेने त्यांस आपले अध्यक्ष केले. आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा देह पडला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या बंदरात उतरले, तेथेच त्यांची माती झाली.

आता भक्तांकडे वळू. या मंडळींचे म्हणणे असे की, विल्सन विद्यादानासाठी येथे आले. धर्मप्रसार हा त्या काळाचा एक आनुषंगिक भाग, त्याकडे फार लक्ष देऊ नये. हे म्हणणे विल्सन यांनी ऐकले असते, तर त्यांस अत्यंत राग आला असता, आणि तो रास्तच असता. ते धर्मप्रसारासाठीच आले होते. शाळा हे त्याचे साधन होते. आणि ही गोष्ट त्यांनी कधीही लपवून ठेवली नाही. १८३९ साली त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सारा पारशी समाज खवळून उठला. प्रकरण ‘हेबियस कॉर्पस’च्या अर्जाने सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने त्या तरुणांस आपल्या मर्जीप्रमाणे राहण्याची मोकळीक दिली. परंतु पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने धर्मांतर केले, आणि त्याचा अल्पवयी भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास जाऊन राहिला. विल्सन तेव्हा स्वदेशच्या प्रवासास निघून गेले होते, हे खरे. परंतु संस्था त्यांची, शिकवण त्यांची आणि हेतूही त्यांचाच. कोर्टाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी जी खटपट केली, तिच्याबद्दल सनातन्यांनी त्यांचा छळ केला, ही आपल्या समाजाच्या खात्यावरील नोंदही येथे खोडून टाकता येत नाही.

भक्तांनी या गोष्टी ‘आनुषंगिक’ म्हणून बाजूस सारल्या, म्हणजे विल्सन यांचा गौरव होत नाही. त्यांच्या जागी भलताच कोणी सज्जन, मिळमिळीत, कोणासही न दुखविणारा शिक्षणाधिकारी उभा राहतो. ज्या बापाचा मुलगा शाळेत बेरीज शिकावयास गेला आणि परधर्मी होऊन परतला, त्या बापाच्या दुःखास ‘काळाचा भाग’ म्हणणे हा निष्ठुरपणा आहे. विद्यादान आणि धर्मांतर यांची अशी सांगड घालणे हे, आमच्या मते, शिक्षकाच्या धर्मास सोडून आहे. प्रौढ माणसाशी भरसभेत वाद घालणे निराळे, आणि कोवळ्या पोरास वर्गात बसवून त्याच्या घराचा पाया खणणे निराळे. विल्सन यांनी या दोन्ही गोष्टी केल्या. पहिलीबद्दल त्यांचा सन्मान करावा. दुसरीबद्दल त्यांस माफी देण्याचे आपणास काहीच कारण नाही.

परंतु निंदकांनी येथे टाळ्या पिटण्याची घाई करू नये. त्यांच्याशीही आमचा हिशेब आहे, आणि तो अधिक लांब आहे.

१८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर या पंडितांशी विल्सन यांचा जाहीर वाद झाला. वाद झाला तो मराठीत. वादानंतर मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ नावाचे पुस्तक लिहून आपला पक्ष छापून काढला. विल्सन यांनी १८३२ साली त्याचे खंडन इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्या खंडनाची भाषा तिखट आहे आणि हेतू उघड आहे. त्याच्या नावातच हिंदुधर्माचे ‘उघडे स्वरूप’ दाखविण्याची प्रतिज्ञा आहे. पण त्या पुस्तकाच्या रचनेकडे निंदकांनी एकवार लक्ष द्यावे. आपल्या उत्तराच्या आधी विल्सन यांनी मोरभटांच्या पुस्तकाचे भाषांतर छापले आहे. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत प्रथम वाचकापुढे ठेवावयाचे आणि मग आपले उत्तर द्यावयाचे! यास आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष म्हटले आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिताना सांख्यांचा आणि बौद्धांचा पक्ष आधी मांडला, आणि मगच त्याचे निरसन केले. जो पूर्वपक्ष मांडीत नाही, त्याच्या सिद्धांतास किंमत नाही, ही आपली हजारो वर्षांची शिस्त. ती शिस्त लॉडर गावच्या एका पाद्र्याने पाळली. आणि त्या पाद्र्याचे एकही पुस्तक न उघडता त्याचा निकाल लावणारे आजचे धर्माभिमानी मात्र शंकराचार्यांचे वारस म्हणवितात!

हा वाद तेथेच संपला नाही. साताऱ्याच्या नारायणरावांनी उत्तर लिहिले. विल्सन यांनी १८३४ साली त्याचेही प्रत्युत्तर दिले. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे वाद केले, ते जॉर्ज बोएन यांनी ग्रथित करून छापले. या एका पिढीत मराठी गद्यास जी धार चढली, ती या झटापटींच्या सहाणेवर पुष्कळशी चढली, असे आम्हांस वाटते. प्रश्न काय, आक्षेप काय, आधार कोणता, उत्तर कोठे लंगडे पडते, हे सारे मराठी वाक्यांत मांडण्याची सवय त्या वेळी पडू लागली. पुण्यास याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. त्यांनी धर्म बदलला नाही, पण प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली. शत्रूने दारावर धडका मारल्या म्हणून घरातील मंडळी जागी झाली, यात शत्रूच्या हेतूचे श्रेय नाही हे खरे. परंतु जागे झालो ते कोणाच्या आवाजाने, हे नाकबूल करणे म्हणजे इतिहास नव्हे.

विल्सन यांची दुसरीही कामे निंदकांनी ताडून पाहावीत. कोकणातील बेने इस्रायल लोकांसाठी त्यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण लिहिले, ते मराठीत! हिब्रूसारखी दूरदेशची प्राचीन भाषा मराठी माणसास मराठीतून शिकविता येते, यात त्यांस काहीच अवघड वाटले नाही. आणि त्या वेळी दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरणसुद्धा अजून निघावयाचे होते. ते १८३६ साली निघाले. १८३५ साली विल्सन यांनी गिरनारच्या शिलालेखांची नक्कल करविली. ती जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पडली, आणि अशोकाच्या त्या आज्ञांत ग्रीक राजा अंतियोक याचे नाव सापडून हिंदुस्थानच्या प्राचीन कालगणनेस एक पक्की खुंटी मिळाली. १८४८ साली पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या पाहणीसाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष विल्सन होते, आणि लेण्यांवरील त्यांचा निबंध १८५० साली प्रसिद्ध झाला. मूर्तिपूजेचा हा हाडवैरी! पण मूर्ती फुटू नयेत, लेणी ढासळू नयेत, त्यांवरील अक्षरे पुसली जाऊ नयेत, म्हणून टिपणे करीत हिंडला तोच. आपल्यापैकी किती मूर्तिपूजकांनी त्या काळी ती अक्षरे वाचण्याची तसदी घेतली होती?

आणि शेवटी १८५७ सालचा तो निबंध. त्या साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली १८३१ सालची. तिच्याहून दुसरीतील शब्द पुष्कळ वाढून सुमारे ६०,००० झाले. या दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेची घटना, तिचा प्रसार आणि तिचा उपयोग यांवर जो विस्तृत निबंध जोडला आहे, तो विल्सन यांचा आहे. मराठीत संस्कृतोद्भव भाग किती, दक्षिणेकडील भाषांशी तिचा संबंध काय, तिच्यात पूर्वी वाङ्मय कोणते झाले, यांचा पद्धतशीर विचार करण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. त्यातील सर्व मते टिकली नाहीत. ‘महाराष्ट्र’ म्हणजे महारांचे राष्ट्र ही त्यांची व्युत्पत्ती पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मान्य केली नाही. त्यांनी ते नाव रट्ठ आणि महारट्ठ लोकांशी जोडले. पण चुकीची का होईना, व्युत्पत्ती शोधावयाची असते, हे प्रथम ज्याला सुचले त्याचा अपमान पुढच्या शोधकाने करावयाचा नसतो. भांडारकरांनी तो केला नाही. विल्सन यांच्या गौरवार्थ विद्यापीठात जी भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमाला स्थापन झाली, तीत १८७७ साली संस्कृत आणि तदुद्भव भाषांवर सुप्रसिद्ध व्याख्याने दिली, ती भांडारकरांनीच. प्रतिपक्ष्याच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहून त्याच्याहून सरस ज्ञान सांगावयाचे, याहून सभ्य आणि याहून बिनतोड उत्तर दुसरे कोणते?

येथे आम्ही आमचा मुख्य मुद्दा मांडतो. विल्सन यांचा पूर्वपक्षही निर्दोष नव्हता. त्यांनी पुराणांतील कथा ज्या तराजूत तोलल्या, त्याच तराजूत आपल्या ग्रंथांतील चमत्कार तोलून पाहिले नाहीत. १८४३ साली पारशी धर्मावर त्यांनी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच तो धर्म उलगडून, खोडून आणि ख्रिस्ती धर्माशी ताडून दाखविण्याचा संकल्प आहे. खोडावयाचे हे जेथे आधीच ठरले आहे, तेथे उलगडणे पुरे होत नाही. ज्ञान आणि सहानुभूती या दोन वस्तू निराळ्या आहेत. विल्सन यांच्यापाशी पहिली मुबलक होती, दुसरी बेताची. तथापि सहानुभूतीवाचून ज्ञान मिळविणाऱ्यावर हसण्याचा अधिकार ज्ञानावाचून अभिमान बाळगणाऱ्यास नाही. आणि आपल्या विद्यापीठांची गेल्या दीडशे वर्षांची मराठीविषयक वागणूक पाहिली, म्हणजे अभिमान आणि अज्ञान यांचा असा सुखाचा संसार दुसरीकडे क्वचितच आढळेल.

विद्यापीठ निघाले तेव्हा वरच्या परीक्षांस देशी भाषा घेता येत असत. पुढे १८६० नंतरच्या दशकात त्या काढून टाकण्यात आल्या, आणि मॅट्रिकच्या पलीकडे मराठीस दार बंद झाले. संस्कृत, लॅटिन, अरबी या भाषांस आत जागा. ज्या भाषेत विद्यार्थी आईशी बोलतो, ती तेवढी उंबरठ्याबाहेर! आणि येथे विल्सन यांच्यावर आमचा दुसरा आरोप आहे. मराठीवर निबंध लिहिणारा हा पुरुष १८६८ साली कुलगुरूच्या आसनावर बसला, आणि तो तेथे असेतोवर मराठी काही परत आत आली नाही. कुलगुरूस एकट्यास सर्व करता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने इतके वाद अंगावर घेतले, त्याच्याकडून याही वादाची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही. ते काम पडले न्यायमूर्ती रानड्यांच्या शिरावर. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले, त्यांतले ते एक. देशी भाषांना परीक्षांत पुन्हा स्थान मिळावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. आणि १९०१ साली ते निवर्तले, त्या सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा कसाबसा शिरकाव झाला. हद्दपारी एका ठरावाने झाली. परतीस सुमारे चाळीस वर्षे लागली.

त्यानंतर तरी काय झाले? मराठीत ज्ञानाची जी मोठी कामे झाली, त्यांची यादी करून पाहावी. राजवाड्यांनी इतिहासाची साधने गोळा केली, ती गावोगाव हिंडून, कोणत्याही विद्यापीठाच्या पगारावर नव्हे. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० पासून १९२७ पर्यंत तेवीस खंडांत पुरा झाला, तो मंडळी काढून, भाग विकून, वर्गणीदार मिळवून. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघू लागला, तोही विद्यापीठाच्या अंगणाबाहेरच. पुढे राज्य झाल्यावर मराठी विश्वकोशाचे काम ज्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शिरावर घेतले, ते वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत घडलेले पंडित. विद्यापीठांत विद्वान नव्हते काय? पुष्कळ होते, आणि त्यांतील कित्येकांनी या कामांस हातभारही लावला. पण संस्था म्हणून विद्यापीठाने मराठीस ज्ञानाची भाषा करण्याची जबाबदारी आपली मानली नाही. तिने परीक्षा घेतल्या, प्रमाणपत्रे दिली, आणि मराठीचे खरे काम वेडगळ, हट्टी, निर्धन माणसांवर सोपवून ती स्वस्थ बसली. आजही मोल्सवर्थचा कोश ज्यास घरबसल्या पाहावयाचा असेल, त्यास तो संगणकावर मिळतो. तो कोणी उपलब्ध करून दिला? शिकागो विद्यापीठाने!

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, ते आम्हीच मांडतो. पहिला असा : विल्सन, मोल्सवर्थ वगैरेंचे भाषाज्ञान हे राज्यकर्त्यांचे हत्यार होते; देश जिंकावयाचा तर भाषा जिंकली पाहिजे, म्हणून त्यांनी ती शिकली; त्याचे कौतुक कसले? आक्षेप बिनबुडाचा नाही. कोश आणि तोफखाना एकाच जहाजातून आले, हे आम्हांस मान्य आहे. पण हत्याराचा गुण असा की, ते धरणाऱ्या हाताप्रमाणे वळते. मोल्सवर्थचा कोश विष्णुशास्त्र्यांच्याही उपयोगी पडेल आणि विल्सन यांच्याही. अशोकाचा लेख वाचता आला, तो सर्वांसाठी वाचता आला. परक्याने घडविलेले हत्यार आपल्या घरात येऊन पडले असता, ते परक्याचे म्हणून न उचलणे आणि स्वतःचे दुसरे न घडविणे, यास स्वाभिमान म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे : आता काळ बदलला, २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ निघाले, मग ही जुनी रड कशास? या दोन्ही गोष्टींचा आम्हांस आनंद आहे. महानुभावांच्या रिद्धपुरास, जेथे मराठी गद्याचे बालपण गेले, तेथे विद्यापीठ व्हावे हे सर्वस्वी उचित झाले. परंतु दर्जा हा भूतकाळाबद्दल मिळालेला आहे. अभिजात म्हणजे जिचा वारसा प्राचीन. जिच्यात आज रसायनशास्त्र, कायदा किंवा अर्थशास्त्र शिकता येते ती, असा त्याचा अर्थ नव्हे. सातवाहनांच्या काळची प्राकृत आपल्या पदरी आहे म्हणून आज एकाही विद्यार्थ्यास पदार्थविज्ञानाचे चांगले मराठी पुस्तक आपोआप मिळणार नाही. आणि मराठीसाठी निराळे विद्यापीठ निघाले म्हणून बाकीच्या विद्यापीठांनी ‘आता ते काम तिकडचे’ असे म्हणून हात झटकले, तर १८६० नंतर जे झाले तेच पुन्हा होईल. फरक इतकाच की, त्या वेळी मराठीस दाराबाहेर घालविले, या वेळी तिला थाटाचे स्वतंत्र दालन देऊन तेथे बसवून ठेवतील.

तेव्हा कुलगुरू विल्सन यांच्याकडून घ्यावयाचे ते काय? त्यांचा धर्म नव्हे. त्यांची शाळा चालविण्याची रीतही नव्हे. विल्सन कुलगुरू होते तेव्हा विद्यापीठास स्वतःची इमारत नव्हती. दीक्षांत सभागृह १८७४ साली पुरे झाले आणि राजाबाई मनोरा १८७८ साली. पण त्या बिनइमारतीच्या विद्यापीठाच्या कुलगुरूने मराठीत व्याकरण लिहिले होते, मराठी भाषेवर निबंध लिहिला होता, आणि मराठीत भरसभेत शास्त्र्यांशी वाद घातला होता. इतकीच कसोटी आपण आजच्या विद्यापीठधुरीणांस लावावी, असे आम्ही सुचवितो. ज्यास महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाचे कुलगुरू व्हावयाचे आहे, त्याने आपल्या विषयावर मराठीत एक तरी पुस्तक लिहिलेले असावे. भाषणे नकोत, शुभेच्छापत्रे नकोत, समारंभातील मराठीचे पोवाडे तर नकोतच. एक पुस्तक, ज्यात काही शिकण्यासारखे आहे आणि ज्यावर कोणास आक्षेप घेता येईल. तो उमेदवार परप्रांतीय असेल तर? तर त्यानेही लिहावे. लॉडरच्या माणसास जे हर्णैस जाऊन साधले, ते दुसऱ्या प्रांताच्या माणसास पुण्यामुंबईत का साधू नये?

यावर कोणी म्हणेल की, अशी अट घातली तर उमेदवार मिळणार नाहीत. तसे होईल, तर आमच्या म्हणण्यास याहून बळकट पुरावा आम्हांस नको. दीडशे वर्षे पदव्या वाटून झाल्यावर ज्या प्रांतात मराठीत एक पुस्तक लिहिलेला कुलगुरू मिळत नाही, त्या प्रांताने विल्सन यांस परका म्हणताना थोडा विचार करावा. ते परके होते, प्रतिपक्षी होते, आणि पुष्कळ ठिकाणी चुकलेही. पण त्यांनी आपला पूर्वपक्ष वाचला होता. आपण त्यांचा वाचलेला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण आपला स्वतःचाही अजून लिहिलेला नाही. त्यांच्या तसबिरीस हार घालावा की ती खाली उतरवावी, हा वाद ज्यांस करावयाचा असेल त्यांनी खुशाल करावा. आम्हांस विचाराल तर, ती आहे तेथेच असू द्यावी, आणि तिच्याखाली बसून ते लिहावयाचे राहिलेले पुस्तक लिहावयास घ्यावे.